सोबतीचं तिकीट

"मॅडम, हे गेले," बाई म्हणाल्या.

फोनवर खरखर होती. मला वाटलं, नवरा कुठेतरी बाहेर गेलाय आणि बाई हॉटेलात एकट्या पडून घाबरल्यात. असे फोन आम्हाला नेहमी यायचे. पहिल्यांदा परदेशी गेलेली माणसं तिकिटाच्या पाकिटावर छापलेला नंबर बघून काहीही विचारायला फोन करत. चहाचं दूध कुठे मिळेल इथपासून.

"कुठे गेले?" मी विचारलं.

"गेले, मॅडम. सकाळी उठलेच नाय. डॉक्टर येऊन गेला. आता गाडीत घालून नेतायत त्यांना. मी काय करू ते सांगा."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी राहायला डोंबिवलीत आणि नोकरीला ठाण्यात, नौपाड्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत. तिकिटिंग करायचे. चार टेबलं, एक कॉम्प्युटर, कार्बनची तिकिटं फाडून हात लाल व्हायचे असा तो काळ. मालक करमरकर साहेब. फोन सिंगापूरहून होता. बोलत होत्या हिरा नाखवा, वय पंचेचाळीसच्या आसपास, चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या. त्यांना आणि त्यांचे यजमान जनार्दन नाखवा यांना आदल्या आठवड्यात मीच विमानाची तिकिटं हातात दिली होती.

मी म्हटलं, "हिराताई, रडा नंतर. आधी रिसेप्शनवरच्या मुलीला फोन द्या."

असं कुणी कुणाला बोलतं का? पण तेव्हा तेच सुचलं. बाई रडत नव्हत्याच, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रिसेप्शनवरची मुलगी तामिळ होती. तिने इंग्रजीत नीट सांगितलं. झोपेत हार्ट अटॅक. अचानक मृत्यू म्हणजे तिथे पोलीस येतात, बॉडी सरकारी शवागारात जाते, तपासणी होते, मग ताबा. बाईंना इंग्रजी येत नाही, हिंदी थोडी येते, आपल्याला हिंदी येत नाही. घरी कुणाला तरी कळवा.

घरी म्हणजे दादांकडे. पांडुरंग नाखवा, जनार्दनचे थोरले भाऊ. त्यांच्याकडे फोन नव्हता. शेजाऱ्यांचा नंबर हिराताईंना पाठ नव्हता. पाठ कशाला असेल? आजवर त्या फोन लावायच्या इतक्या लांब कधी गेल्याच नव्हत्या. म्हणून फोन माझ्याकडे आला.

करमरकर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू जा. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही." मी ठाणे पूर्वेला निघाले.

जाताना माझ्या डोक्यात एकच होतं. जनार्दन नाखवांसारखं गिऱ्हाईक आम्ही दुसरं पाहिलं नव्हतं.

ते कोळीवाड्यातले पहिल्या फळीतले ग्रॅज्युएट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर. कंपनीच्या कामासाठी विमानाने फिरत, तिकिटं आमच्याकडून घेत. तेव्हा क्रेडिट कार्ड नवीन होतं, आणि बहुतेकांना त्याची भीतीच वाटायची. नाखवांना नाही. त्यांनी एका परदेशी बँकेचं कार्ड घेतलं आणि त्याच्या पुस्तिकेची पारायणं केली. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळत. पॉइंट साठले की बँकेच्या कॅटलॉगमधून काहीतरी घ्यायचं. लोक टोस्टर घेत, डिनर सेट घेत. नाखवा हसायचे. "मॅडम, टोस्टर घेणारा गाढव. तोच पॉइंट एअरलाइनकडे वळवला तर त्याची किंमत कितीतरी पट होते. पॉइंटला खरा भाव विमानात."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हे मी धंद्यातली म्हणून सांगते. पॉइंट एअरलाइनकडे वळवले की त्याचे माइल्स होतात, आणि माइल्सवर फुकट तिकीट मिळतं. फक्त ते गर्दीच्या दिवसांत मिळत नाही, आणि त्याच्या सीट्स मोजक्या. म्हणजे दिवस हेरून बसायचं. नाखवा हेरून बसले. मधल्या काळात त्यांनी अख्ख्या कोळीवाड्याची खरेदी आपल्या कार्डावर केली. कुणाला फ्रिज घ्यायचाय, नाखवांना घेऊन दुकानात जा. ते कार्ड देणार, तुम्ही त्यांना रोख द्या. दुकानदार कार्डावर दोन टक्के जास्त लावायचे, ते पदरचे भरायचे. दादांच्या होडीचं इंजिनसुद्धा असंच आलं.

मग बँकेने आणि त्या एअरलाइनने मिळून एक स्कीम काढली. माइल्सवर एक तिकीट घ्या, सोबतीचं तिकीट फुकट. इंग्रजीत कंपॅनियन तिकीट. नाखवा पेपरातली जाहिरात कापून घेऊनच ऑफिसात आले. एका माणसाच्या पॉइंटमध्ये दोघं, जाऊन येऊन. त्यांनी सिंगापूर ठरवलं. हिराताईंनी आयुष्यभर मासळी विकलेली, ठाण्याच्या बाजारात आणि दारोदार. अलीकडेच त्यांनी ते सोडलं होतं.

"तिला एकदा विमानात बसवायचीय," ते म्हणाले. "खिडकीजवळ."

दादा मला धक्क्यावर भेटले. उन्हाने काळवंडलेला, बारीक, साठीचा माणूस. मी ट्रॅव्हल एजन्सीतून आले म्हटल्यावर त्यांनी हात पुसले. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरीसोबत कोन हाय तिथं?" त्यांनी विचारलं. हिराताईंना ते पोर म्हणत.

"कुणी नाही."

"मना नेता येईल तिथं?"

पासपोर्ट नव्हता. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मंग तुमी सांगाल तसं."

मी दादांना घेऊन ऑफिसात परत आले तेव्हा करमरकर साहेबांनी कार्डाची पुस्तिका काढून ठेवली होती. तिच्या मागच्या पानावर प्रवासातल्या अडचणीसाठी चोवीस तास मदत असं लिहिलं होतं, खाली नंबर. नाखवा नेहमी म्हणायचे, या कार्डात मेलेल्या माणसाला घरी आणायचीसुद्धा सोय आहे. गमतीत म्हणायचे. पण सोय होती हे खरं. मी फोन लावला.

पलीकडे एक मुलगा होता. आवाज गोड, शिकवलेला. त्याने सांत्वन केलं. मग विचारलं, "तिकिटाचं भाडं या कार्डावर भरलं होतं का, मॅडम?"

"पॉइंट याच कार्डाचे होते. सगळे."

"पॉइंट नाही, मॅडम. भाडं. इन्शुरन्स फक्त भाडं चार्ज केलं असेल तरच लागू होतो. पॉइंटवर रिडीम केलेलं तिकीट त्यात येत नाही."

"म्हणजे पैसे देऊन गेले असते तर बँकेने बॉडी आणली असती?"

"हो, मॅडम."

"आणि फुकट गेले म्हणून नाही."

"आम्ही असिस्टन्स देऊ शकतो, मॅडम. तिथल्या फ्युनरल सर्व्हिसचे नंबर देऊ शकतो."

असिस्टन्सचा अर्थ नंबर देणं. धंद्यात हे मला माहीत होतं, दादांना माहीत नव्हतं. ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नंबर लिहून घेतले. फोन ठेवायच्या आधी तो मुलगा म्हणाला, कार्डहोल्डर डिसीज्ड आहे हे आता रेकॉर्डवर आलंय, त्यामुळे कार्ड ब्लॉक करावं लागेल, नियमच आहे, मॅडम.

तासाभरात हॉटेलचा फोन. बिलासाठी दिलेलं कार्ड चालत नाही, बाईंना खोली सोडावी लागेल का?

पैशाचा प्रश्न नाखवांच्या कंपनीने सोडवला. कंपनीच्या मालकांनी सिंगापूरमधल्या आपल्या एका सप्लायरला फोन केला. त्याचा माणूस हॉटेलवर गेला, त्याने बिलाची हमी घेतली, पेटीचे आणि कार्गोचे पैसेही भरले. कंपनीने त्याबद्दल नंतर कधी शब्द काढला नाही. या सगळ्या प्रकरणात एवढं एकच काम मला सोपं गेलं.

बाकीचं हिराताईंनी केलं. मी रोज फोनवरून सांगायचे, आज कुठे जायचं, कुठला कागद मागायचा. परदेशातून मृतदेह आणायचा तर डेथ सर्टिफिकेट लागतं, शरीर टिकावं म्हणून औषध भरल्याचा दाखला लागतो, पेटी सील केल्याचा दाखला लागतो, आपल्या वकिलातीचं ना हरकत पत्र लागतं. माणसाचा पासपोर्ट वकिलातीत नेऊन रद्द करून घ्यावा लागतो. त्यावर ते शिक्का मारतात. ती तामिळ मुलगी पत्ता लिहून द्यायची, हिराताई तो टॅक्सीवाल्याला दाखवायच्या आणि जायच्या. संध्याकाळी मला फोन. काय झालं ते क्रमाने सांगायच्या, बाजारातला हिशोब सांगावा तसं.

"पेट्या दाखवल्या. चमचमणारी पुढं केली. मी बोलली, साधी द्या, आमाला जाळायची हाय."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बंद करायच्या आधी बघू देत नव्हते. मी तिथंच जमिनीवर बसली. मंग दिलं."

"हिराताई, जेवलात का?"

"ती पोरगी देते आनून." मग म्हणाल्या, "मॅडम, त्यांच्या तोंडाला ह्यांनी काय तरी रंग लावलाय. नको होता लावायला."

परतीचं विमान रविवारचं होतं. दोघांचंही बुकिंग आधीपासून पक्कं होतं. शुक्रवारी कागद पूर्ण झाले तेव्हा मी एअरलाइनच्या कार्गोकडून त्याच विमानावर पेटीची जागा घेतली. म्हणजे नाखवा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या विमानाने येणार होते, आणि हिराताईही. मी दादांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "एकाच विमानात? बरं झालं." त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून बरं हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

सीट पुन्हा एकदा कन्फर्म करून घ्यायची आम्हाला सवय असते. मी शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर बुकिंग उघडलं. बुकिंग नव्हतं. नाखवांचंही नाही, हिराताईंचंही नाही.

शनिवारी सकाळी मी आणि दादा नरिमन पॉइंटला एअरलाइनच्या ऑफिसात गेलो. दादांनी पांढरा शर्ट घातला होता, त्याच्या घड्या अजून ताठ होत्या. रिझर्व्हेशनच्या सुपरवायझर रॉड्रिग्ज म्हणून बाई होत्या. मी त्यांना फोनवरून बरीच वर्षं ओळखत होते. कामाला चोख.

त्यांनी स्क्रीनवर बघितलं. "बँकेने मेंबरच्या डेथचं कळवलं. माइल्सची मेंबरशिप बंद झाली. मेन मेंबर ट्रॅव्हल करत नसेल तर कंपॅनियन तिकीट आपोआप कॅन्सल होतं. कुणी केलं नाही, सिस्टिमने केलं."

ही अट मला माहीत होती. नाखवांनाही माहीत होती. सोबतीचं तिकीट फक्त सोबत असतानाच चालतं. जाताना आणि येताना, दोघं एकाच विमानात. आम्ही दोघांनी ती अट माझ्या टेबलावर वाचली होती. पण ती वाचताना जी अडचण डोळ्यासमोर येते ती अशी की, एखाद्याला ऑफिसच्या कामासाठी लवकर परत यावं लागलं तर. यापुढे माणसाचं डोकं जात नाही.

"सीट्स?"

"विकल्या गेल्या. एक मोठा ग्रुप आहे. फ्लाइट ओव्हरबुक्ड आहे."

"रॉड्रिग्ज मॅडम, मेंबर ट्रॅव्हल करतोय," मी म्हटलं. "उद्याच. तुमच्याच विमानाने. हा एअरवे बिलाचा नंबर."

एअरवे बिल म्हणजे कार्गोतल्या मालाचं तिकीट. त्यांनी नंबर टाकला. कार्गोच्या भाषेत मृतदेहाला एचयूएम ही तीन अक्षरं लावतात. ती स्क्रीनवर आली.

"कार्गो म्हणजे पॅसेंजर नाही," रॉड्रिग्ज बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "मी हे सिस्टिमला कसं सांगू?"

दादांना बोलणं अर्धं कळत होतं. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. मग ते बाईंना म्हणाले, "बाई, मेंबर मेला म्हनता. पन त्याची जागा तर हाय ना विमानात? मंग तिची का नाय?"

बाईंनी सिंगापूरला टेलेक्स केला, अनुकंपा म्हणून एक सीट द्यावी. वेटिंग लिस्टवर हिराताईंचं नाव सगळ्यात वर टाकलं. मॅनेजरना फोन केला. मॅनेजर म्हणाले, अर्ज द्या, हेड ऑफिसला पाठवू. रॉड्रिग्ज बाईंनी त्यांच्या अधिकारातलं सगळं केलं, हे मला सांगायलाच हवं. त्यांच्या अधिकारात एवढंच होतं.

"पेटी पुढच्या विमानावर ढकलता येईल का?" मी विचारलं.

येत होती. पण पेटी कार्गोच्या ताब्यात गेली होती. परत घ्यायची तर कस्टमचे कागद पहिल्यापासून, आणि पुढची जागा बुधवारी. म्हणजे आणखी तीन-चार दिवस ती गोदामात पडून राहणार. हे मी ठरवू शकत नव्हते आणि दादाही नाही. ऑफिसात परत येऊन हिराताईंना फोन लावला आणि आहे तसं सांगितलं.

त्यांनी गोदाम कुठे आहे ते विचारलं, मी सांगितलं.

"त्यांना पाठवा," त्या म्हणाल्या. "गोदामात नको. मी येते मागनं."

"विमानतळावर तरी जा. एखादी सीट सुटते कधी कधी."

"जाते. दादांना सांगा, मी आल्याशिवाय नेऊ नका."

करमरकर साहेबांनी त्याच दिवशी दुसऱ्या एका एअरलाइनवर सोमवारचं तिकीट काढलं. पैसे इथे भरायचे आणि तिकीट तिथल्या काउंटरवर उचलायचं अशी एक पद्धत असायची, तसं. "वेटिंगवर जागा मिळाली तर रद्द करू," ते म्हणाले. रद्द करावं लागलं नाही.

रविवारी विमान आलं. मी आणि दादा सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्सला होतो, सोबत कोळीवाड्यातली पाच-सहा माणसं आणि एक टेम्पो. लाकडी खोका बाहेर आला तेव्हा त्याच्या आधी मशीनच्या सुट्या भागांच्या पेट्या आल्या आणि नंतर फुलांचे खोके. हमालाने नेहमीच्या आवाजात विचारलं, "हा कुनाचा?" दादा पुढे झाले. "आमचा." सही करायची होती. त्यांनी अंगठा नाही, सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

हिराताई आल्या नव्हत्या.

चेंदणीत पोचल्यावर वाद झाला. तो होणारच होता. जमातीतली जाणती माणसं ओट्यावर बसली होती. माणूस जाऊन सहा दिवस झालेले. इतक्या दिवसांचं मढं घरात ठेवायचं नाही, असा एकाचा सूर. आता उजेड आहे तोवर उरकून घ्या, ती आली की बाकीचं करेल. दुसरा म्हणाला, बाई काय उद्या येईलच कशावरून, त्या विमानातही नाही बसू दिलं तर? कुणी दुष्ट नव्हतं. सगळे थकले होते आणि घाबरले होते.

दादा म्हणाले, "ती येईस्तवर हलवायचा नाय."

"पांडू, ऐक..."

"ज्याला घाई असेल त्यानं घरी जावं."

मग त्यांनी धक्क्यावरून बर्फाच्या लाद्या मागवल्या. मासळीसाठी आणतात त्या. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, दादा, औषध भरलेलं आहे, आत पत्र्याची पेटी आहे, बर्फाची गरज नाही. त्यांनी ऐकून घेतलं. आणि लाद्या खोक्याच्या चारी बाजूंनी लावल्या, वर गोणपाट टाकलं. औषधावर त्यांचा विश्वास नव्हता. बर्फाबद्दल त्यांना माहिती होती.

सोमवारी दुपारी मी करमरकर साहेबांची गाडी घेऊन हिराताईंना आणायला गेले. त्या बाहेर आल्या तेव्हा ढकलगाडीवर दोन बॅगा होत्या, एक त्यांची, एक नाखवांची. हातात प्लास्टिकची पिशवी. मला बघून म्हणाल्या, "ठेवलंय ना त्यांना?"

"ठेवलंय."

गाडीत त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. ठाण्याच्या जकात नाक्यावर गाडी अडकली तेव्हा एकदम बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता.

"काल काउंटरवर गेली मी. लाइनीत उभी राहिली. तिकीट दिलं. ती मुलगी मशीनमध्ये बघते, मंग माज्याकडे बघते. बोलते, वेअर युवर हजबंड? एवढं मना कळलं. मी बोलली, डाऊन. तिला कळलं नाय. मी बोट दाखवलं, असं, खाली. हजबंड डाऊन. ती काउंटरच्या खाली वाकून बघायला लागली."

मी काच वर केली.

"मंग दुसरी आली मोठी. तिनं कागद वाचला. तिला कळलं. तिनं माजा हात धरला आणि मना बाजूच्या खुर्चीवर बसवली. पानी दिलं. सगळी मानसं आत गेली तवर मी बसून होती. शेवटाला दोन जागा होत्या म्हनं, पन दोघं धावत आले. हनीमूनवाले असतील. ते गेले. मंग काचेतनं विमान गेलेलं बघितलं."

गाडी सुरू झाली.

"खिडकीची जागा दिलेली त्यांनी मना, जाताना," त्या म्हणाल्या. "ढग बघून मी घाबरली तर हसत होते."

कोळीवाड्याच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. हिराताई उतरल्या, कुणाच्या गळ्यात पडल्या नाहीत, सरळ घरात गेल्या. गोणपाट बाजूला केलं. बर्फ अर्धा वितळला होता, जमिनीवर पाणी झालं होतं. हिराताई त्या पाण्यातच खाली बसल्या आणि खोक्यावर हात ठेवला.

"उशीर झाला मना," त्या दादांना म्हणाल्या.

"तो कुठं पळत होता?" दादा म्हणाले आणि मग पहिल्यांदा रडले.

होड्या दुरुस्त करणारा सुतार आला. त्याने स्क्रू काढले, आतला पत्रा कापला. हिराताईंनी ओल्या फडक्याने तोंडावरचा तो रंग पुसला. सगळा निघाला नाही. मग त्या म्हणाल्या, आता न्या.

यानंतरचं थोडक्यात. बँकेकडे आम्ही क्लेम टाकला. तो नामंजूर झाला, कारण फोनवर सांगितलेलंच. उरलेले पॉइंट कार्डहोल्डरच्या मृत्यूबरोबर संपले, ते वारसाला जात नाहीत. एअरलाइनकडे मी हिराताईंच्या न वापरलेल्या परतीच्या तिकिटाचा परतावा मागितला. उत्तर आलं की फुकट तिकिटाला परतावा नसतो, आणि प्रवासी ठरलेल्या वेळी विमानात बसल्या नाहीत अशी नोंद आहे. सगळी उत्तरं नियमाला धरून होती. मी धंद्यातली आहे. मला त्यांच्यात एकही चूक काढता आली नाही.

काही महिन्यांनी हिराताई ऑफिसात आल्या. पुन्हा बाजारात बसायला लागल्या होत्या. माझ्यासाठी सुकट आणली होती, कागदात बांधून. चहा घेतला. मग म्हणाल्या, "एक विचारायचं व्हतं. पैसे भरून गेलो असतो तर मना बसू दिलं असतं?"

खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी ते दहा ठिकाणी विचारलं असतं आणि खरं कुणीतरी सांगितलंच असतं.

"हो," मी म्हटलं. "तुमचं तिकीट तुमचं राहिलं असतं. आणि त्यांना आणायचा खर्चही बँकेने केला असता."

त्यांनी मान हलवली. "ते एवढे हुशार," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. कपातला चहा संपवून त्या उठल्या.

पुढे कार्डं सगळ्यांकडे आली. डोंबिवली, कल्याणहून तरुण मुलं यायची, पॉइंटचा जास्तीत जास्त फायदा कसा घ्यायचा ते विचारायची. मी सगळं सांगायचे. टोस्टर घेऊ नका, माइल्स करा, गर्दीचे दिवस टाळा. आणि शेवटी एक सांगायचे: पॉइंटवर एकाचंच तिकीट घ्या, तेही स्वतःचं. सोबत जो येतोय त्याचं पैसे मोजून, कार्डावर, वेगळं घ्या. फुकट तिकिटावर माणूस प्रवासी नसतो, कुणाचा तरी पाहुणा असतो, आणि पाहुण्याला हक्क नसतो.

बहुतेक जण हसायचे. म्हणायचे, मॅडम, तिकीट विकलं तर तुम्हाला कमिशन मिळतं ना, म्हणून सांगताय.

मी हो म्हणायचे. कमिशन मिळायचंच.